इंजिन तापणे (मोटारगाडी)
इंजिनात तयार होणारी उष्णता शीतन यंत्रणेला वेळेवर बाहेर टाकता आली नाही, की इंजिन तापते. जळलेल्या इंधनातली साधारण एक तृतीयांश उष्णता कूलंटमार्फत, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवामार्फत, बाहेर जाते. वॉटर पंप कूलंट फिरवतो, रेडिएटरमध्ये ते निवते आणि थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी झडप) बहुतेक गाड्यांत ८२ ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडून त्याला रेडिएटरची वाट मोकळी करतो. रेडिएटरच्या झाकणाकडे सहसा कोणी बघत नाही, पण तेच दाब धरून ठेवते. त्या दाबामुळे कूलंट, म्हणजे ग्लायकॉल आणि पाण्याचे निम्मेनिम मिश्रण, १२० अंशांच्या पुढे गेल्यावरच उकळते. झाकणाचे रबर कडक झाले, की बाकी सगळे ठीक असूनही गाडी उकळू शकते.

दोष शोधताना पाना हातात घेण्याआधी एकच गोष्ट विचारावी : गाडी कधी तापते? सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा खाली येतो, तर संशय रेडिएटरच्या पंख्यावर, त्याच्या रिलेवर (तो चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचवर) किंवा फ्यूजवर. उलट वेगात किंवा घाटात तापत असेल, तर कूलंट कमी आहे, पंप नीट फिरवत नाही किंवा रेडिएटर चोंदला आहे. मे महिन्यात बोरघाट चढणाऱ्या भरल्या गाडीचे इंजिन पूर्ण जोर लावते, पण वेग कमी असल्याने समोरून वारा मिळत नाही. जेमतेम चालणारा रेडिएटर तिथेच हात टेकतो. वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी ओतले असेल, तर आतल्या बारीक नळ्यांत क्षार बसलेले असतात.

थंड गाडी सुरू करून काही मिनिटांतच काटा चढला, तर रेडिएटरचा वरचा आणि खालचा होस (रबरी नळी) पाहावा. वरचा चटका देणारा आणि खालचा गार, म्हणजे बहुधा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे. हात पंख्यापासून लांब ठेवावा. विजेवर चालणारा पंखा चावी काढल्यावरही अचानक फिरू शकतो. पंपाखालच्या बारीक छिद्राशी वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा रंगीत ओघळ दिसला, तर पंपाचे सील गेले आहे.

बाहेर थेंबही पडत नाही आणि कूलंट मात्र कमी होत राहते, हे लक्षण सर्वांत गंभीर. गरम इंजिनातही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय आणि कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे, यांतले काही दिसले तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधले सील) तपासायलाच हवे. अशा वेळी नुसते ‘टॉप-अप’ करत गाडी चालवू नये. चढलेला काटा एकदम खाली पडला, तरी हायसे वाटून घेऊ नये : सेन्सरभोवती कूलंटच उरलेले नसेल, तर तो खोटे सांगतो.

काही गॅरेजांत उपाय म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. हा इलाज नव्हे. इंजिन मग नीट गरमच होत नाही, इंधन जास्त जाते आणि मूळ दोष झाकला जातो.

काटा लाल पट्ट्यात गेला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा, बाजूला थांबून इंजिन बंद करावे. झाकण गरम असताना मुळीच उघडू नये. दाब सुटताच कूलंट उसळून तोंड-हात भाजतात. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो.

दुरुस्तीनंतर कूलंट भरताना आत हवा अडकली, तर नवे भाग बसवूनही गाडी पुन्हा तापते. त्यासाठी ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा सोडण्याचा स्क्रू) सैल करून, बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत कूलंट भरत राहावे लागते.