टर्बोचा दाब, फ्युएल कट आणि खोटा आकडा दाखवणारी डबी : पार्श्वभूमी

खान्देशात टर्बोची तक्रार बहुधा घाटातून येते. जळगाव-भुसावळच्या सपाटीवर निमूट चालणारी गाडी चाळीसगाव सोडून कन्नडचा घाट चढू लागली, किंवा शिरपूरकडून बिजासनला लागली, की तिसऱ्या गिअरात मान टाकते. गॅरेजमध्ये येणारं वाक्य एकच असतं, "गाडी वढत नही, भाऊ." मात्र त्यामागचे आजार किमान तीन: टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, पुरेसा दाब देत नाही, जास्त देतो म्हणून कॉम्प्युटर इंधन तोडतो (हाच फ्युएल कट), किंवा दाब ठीक असून डिझेलच कमी पडतं. हे तीन वेगळे न काढता थेट "टर्बो गेला" म्हणायची सवय आपल्याकडे का पडली, आणि कॉम्प्युटरला खोटा आकडा दाखवून गाडी पळवणाऱ्या डबीने निदान आणखी कसं अवघड केलं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे नको. टर्बोचं मूळ पेटंट १९०५ चं, एका स्विस अभियंत्याचं. १९६२ मध्ये अमेरिकेत टर्बो लावलेल्या दोन पेट्रोल गाड्या बाजारात आल्या, १९७८ मध्ये टर्बो डिझेल कार आली. आपल्या भागात टर्बो आला तो ट्रकमधून. मग जीप-पिकअप, आणि कार सगळ्यात शेवटी.

इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या जुन्या मेकॅनिकल पंपाच्या काळात कॉम्प्युटर नव्हता, पण दाब आणि इंधन यांची गाठ तेव्हाही होती. पंपाच्या डोक्यावर पडदा असलेलं एक साधन असे. टर्बोचा दाब बारीक नळीने तिथे पोचला की पडदा दबे आणि पंप जास्त डिझेल सोडे. नळी तडकली की डिझेल वाढत नसे. धूर नाही, पिकअपही नाही. चांगला मिस्त्री आधी ती नळी बघायचा. बाकीचे स्क्रू फिरवून डिझेल वाढवायचे. मग रावेर-सावद्याहून केळी भरून निघालेला ट्रक काळा धूर सोडत का होईना, घाट चढायचा. दाब कुठे गळतो ते न शोधता इंधन वाढवायची खोड तेव्हापासूनची आहे.

२००२ नंतरच्या दशकात कॉमनरेल डिझेल आलं, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना एकाच दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल, आणि चित्र पालटलं. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यांची तुलना आता कॉम्प्युटर सतत करू लागला. फरक वाढला की गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे ताकद आवरून कशीबशी चालते, आणि बिघाडाचा कोड साठवते. दाब कमी पडला तर पी०२९९, जास्त झाला तर पी०२३४, रेलमध्ये डिझेलचा दाब पडला तर पी००८७. याच काळात हलत्या पात्यांचे व्हेरिएबल टर्बो आले. त्यांच्या पात्यांवर काजळी बसून ती अडकली की दाब उसळतो, आणि पाती हलवणारी व्हॅक्यूमची नळी गळली की बहुतेक गाड्यांत दाब चढतच नाही. म्हणजे पाच-पन्नास रुपयांची नळी आणि हजारोंचा टर्बो यांची तक्रार ड्रायव्हरच्या तोंडून सारखीच येते.

हे कोड वाचणारे स्कॅनर मात्र इथल्या गॅरेजांत उशिरा रुळले. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ हा गाड्यांच्या धुराचा नियम लागू झालेल्या १३ शहरांत सुरत होतं, सोलापूर होतं, धुळं-जळगाव नव्हतं. सगळीकडे बीएस-४ व्हायला एप्रिल २०१७ उजाडलं. तोवर कोड न वाचता पार्ट बदलणं हेच निदान होतं.

आणि याच मधल्या वर्षांत ती डबी आली. खरा वाद तिचाच आहे.

डबीचं काम सोपं: सेन्सर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये बसून आकडा बदलायचा. डिझेलमध्ये ती रेलचा दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवते, म्हणून कॉम्प्युटर दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं, गाडी पळते. पेट्रोलमधली तिची थोरली बहीण १९८० च्या दशकातल्या जपानी टर्बो गाड्यांपासूनची. दाबाच्या सेन्सरचा सिग्नल ती ठराविक पातळीवर अडवते, म्हणजे फ्युएल कटची हद्द ओलांडली हे कॉम्प्युटरला कळतच नाही.

डबीवाल्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. कंपन्या हद्द सावधपणे आखतात, थोडी मोकळीक असते, आणि पेट्रोलचा जुना कट खरोखर घातक वाटावा असा झटका देई. पण तो कट पूर्ण का असतो? चढत्या दाबावर पेट्रोल अर्धवट तोडलं तर मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, इंधन कमी), नॉकिंग म्हणजे अवेळी पेटून बसणारे ठोके वाढतात, पिस्टन वितळू शकतो. पूर्ण तोडलं तर जळायला काही उरतच नाही, इंजिन वाचतं. डिझेलचं उलट आहे. तिथे पातळ मिश्रण नेहमीचंच, म्हणून कॉम्प्युटर नुसतं इंधन घटवतो. दोन्हींना गॅरेजमध्ये एकच 'फ्युएल कट' म्हणतात आणि पेट्रोलचा उपाय डिझेलला, डिझेलचा पेट्रोलला लावला जातो.

माझा आक्षेप वेगाला नाही, निदानाला आहे. डबी लावलेल्या गाडीला स्कॅनर लावला की दिसणारा आकडाच बनावट असतो. वेस्टगेटच्या, म्हणजे टर्बोचा दाब आवरणाऱ्या दाराच्या, नळीला चीर गेली, गेट उघडेना, दाब चढत राहिला, तरी स्कॅनरच्या पडद्यावर सगळं आलबेल. म्हणून जाणता मिस्त्री आधी डबी काढतो. मग चावी फिरवून, इंजिन बंद ठेवून दाबाचा सेन्सर वाचतो. तेव्हा त्याने नुसता बाहेरच्या हवेचा दाब दाखवायचा असतो: जळगावात ९९ किलोपास्कलच्या आसपास, उंचावरच्या तोरणमाळला ८८ च्या जवळ. हे जुळलं नाही तर पुढचं सगळं मोजणं फुकट. जुळलं तर टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे पाइप: टर्बोच्या तोंडाशी टायरचा वॉल्व्ह बसवलेलं झाकण लावायचं, बेताची हवा भरायची, सांध्यांवर साबणाचं पाणी. तेलकट डाग असलेला सांधा आधी. त्यानंतर व्हॅक्यूम, पाती किंवा गेट हलवणारा अ‍ॅक्च्युएटर, डिझेल फिल्टर, आणि टर्बो सगळ्यात शेवटी. तोरणमाळचा आकडा एरवीही कामाचा: पातळ हवेतून तेवढाच दाब काढायला टर्बोला जास्त राबावं लागतं, त्यामुळे सपाटीवर झाकलेली गळती वर गेल्यावर उघडी पडते.

एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतर छोटी डिझेल इंजिनं बाजारातून जवळजवळ गेली आणि त्यांच्या जागी एक लिटरच्या आसपासची टर्बो पेट्रोल आली. यांत कट क्वचितच जाणवतो. इंजिनात हवा सोडणारी झडप, म्हणजे थ्रॉटल, तारेवर नाही, मोटरवर चालतो. दाब वाढला की कॉम्प्युटर आधी तोच मिटतो. पाय खाली दाबलेला, गाडी मंद, झटका नाही, कधी दिवाही नाही. अशा वेळी नुसता कोड पुरत नाही. मागितलेला दाब, मिळालेला दाब आणि थ्रॉटलची उघडीक हे तिन्ही आकडे चालत्या गाडीत एकत्र नोंदवावे लागतात, आणि चढही पुरेसा लांब लागतो. धुळ्याचा लळिंग त्याला तोकडा पडतो. कन्नडचा घाट पुरतो.