मागची दाढ: बसवायची की राहू द्यायची?

समोरचा दात पडला की माणूस लगेच डॉक्टरकडे धावतो. तीच मागची दाढ काढली, तर वर्षानुवर्षं जागा रिकामी राहते. "दिसत नाही ना, दुसऱ्या बाजूनं चावतो," असं यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांत सर्रास ऐकू येतं. हा अडाणीपणा नव्हे. नेदरलँड्समधल्या नायमेगनचे दंततज्ज्ञ कायसर यांनी 1981 मध्येच मांडलं होतं, की समोरचे दात आणि उपदाढा (सुळ्यांच्या मागचे, दाढांच्या आधीचे दात) शाबूत असतील, साधारण 20 दात उरले असतील, तर बहुतेकांचं खाणं-बोलणं नीट चालतं. म्हणजे काहीच न बसवणं हाही एक रीतसर पर्याय आहे. फक्त शेजारची दाढ कलत नाही ना, वरची खाली उतरत नाही ना, हे अधूनमधून दाखवून घ्यायला हवं.

बाकीचे पर्याय तीन. काढता-घालता येणारी कवळी स्वस्त पडते, पण मागे आधाराला दात नसला की हिरडीवर हलते. तिच्याखाली फुटाण्याचा एक कण गेला तरी घास थांबतो, आणि मग कवळी डबीतच राहते. ब्रिज, म्हणजे दोन्हीकडच्या दातांवर टेकवून बसवलेला दात, पक्का असतो, पण त्यासाठी शेजारचे चांगले दात घासावे लागतात. अगदी शेवटची दाढ गेली असेल तर पलीकडे टेकूच नसतो. इम्प्लांट म्हणजे हाडात रोवलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये तो पहिल्यांदा रुग्णाला बसवला. हाडानं तो धरायला बहुधा 3 ते 6 महिने जातात, आणि नागपूर किंवा वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दवाखान्यापर्यंतचे हेलपाटे वेगळे. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाऊन तोंड आखडलेलं असेल, उभी तीन बोटं आत जात नसतील, तर मागे अवजार पोचवणंच कठीण होतं.

यातलं रुग्णाला काय मोलाचं वाटतं, हे मोजायची एक रीत अशी: समजा एका उपचारानं तोंड पूर्ण बरं होईल, पण फसला तर सगळे दात जातील. यशाची खात्री किती असेल तर तुम्ही तो घ्याल? 100 पैकी 95 असेल तरच म्हणणाऱ्याला आहे ती स्थिती बरीच चालते. 60 वरही तयार होणारा खरोखर बेजार आहे.

दुसरी रीत सोपी: किती पैसे मोजाल? माझा आक्षेप इथे आहे. आषाढात पैसा बियाण्या-खतात गेलेला असतो, कापूस विकल्यावर थोडा हातात येतो. माणूस तोच, भाकर चावताना होणारा त्रास तोच, पण आकडा बदलतो. त्यात दाढेच्या किमतीपेक्षा खिसाच जास्त मोजला जातो. सरकारी दवाखान्यात कोणता उपचार द्यायचा, हे अशा आकड्यावर ठरवू नये. त्याआधी विचारावं: शेंगदाणे चावता येतात का, जेवायला किती वेळ लागतो, मजुरी बुडवून कितीदा येता येईल?