चार डॉक्टर आणि एक टीम: खाण्याच्या आजारांत हा फरक जिवावर बेततो

नाशकात डॉक्टरांना तोटा नाही. गंगापूर रोड, कॉलेज रोड, मुंबई नाका, कुठेही उभं राहा, नजरेच्या टप्प्यात दोन-चार पाट्या दिसतात. त्यामुळे घरातल्या मुलीचं जेवण तुटायला लागलं, वजन उतरायला लागलं, की आई-वडील हात बांधून बसत नाहीत. आधी फॅमिली डॉक्टर होतात. पाळी थांबली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ होतात. कोणीतरी सुचवतं म्हणून डाएटिशियन, आणि शेवटी, बराच धीर गोळा करून, समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ. दोन महिन्यांत फाइल जाड होते. चौघंही आपापल्या कामात चांगले असतात. तरी मुलगी खालावतच जाते आणि घरात एकच वाक्य ऐकू येतं, "सगळं करून झालं."

सगळं झालेलं नसतं. चार डॉक्टरांकडे जाणं आणि एका टीमकडून उपचार घेणं या दोन गोष्टी बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात. तेच तज्ज्ञ, तेवढ्याच फिया, तेवढेच हेलपाटे. पण ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाणं), बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलटी किंवा इतर मार्गाने ते काढून टाकणं), बिंज ईटिंग (ताबा सुटून भरमसाट खाणं) अशा आजारांत या दोहोंचे परिणाम फार वेगळे होतात, म्हणून इथे त्या शेजारी शेजारी ठेवतोय.

आधी हे आजार एकट्यादुकट्या डॉक्टरला का आवरत नाहीत ते बघू. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून निरीक्षणं केली. शरीराने आणि मनाने निरोगी म्हणून मुद्दाम निवडलेली ही मुलं. काही महिन्यांत ती दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, चिडचिडी झाली, माणसांपासून तुटली, उदास झाली. म्हणजे उपासमार स्वतःच मन बदलते. आता या मुलीचा पेच लक्षात घ्या. पोटात अन्न नाही तोवर समुपदेशकाचं बोलणं आत उतरत नाही आणि मनातली भीती हलत नाही तोवर डाएटिशियनने लिहून दिलेलं पोटात उतरत नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी, एकाच बेताने हलवाव्या लागतात. बुधवारी एकाकडे आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्याकडे जाऊन ते साधत नाही, जर त्या दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नसेल.

सुटी सुटी ट्रीटमेंट कुठे फसते, याचं पाळीइतकं बोलकं उदाहरण नाही. वजन घटलं की शरीर पाळी बंद करतं. स्त्रीरोगतज्ज्ञाला खाण्याचं काही सांगितलंच नाही तर ते हार्मोनच्या गोळ्या देतात. रक्तस्राव सुरू होतो, आईचा जीव भांड्यात पडतो. पण ही गोळ्यांनी आणलेली पाळी आहे. हाडांची झीज तशीच चालू राहते आणि शरीर पुरेसं भरलं की नाही हे सांगणारी एक महत्त्वाची खूण आपण स्वतःच झाकून टाकलेली असते. टीममध्ये हेच स्त्रीरोगतज्ज्ञ असले, तर गोळ्या देण्याची घाई करत नाहीत. पाळी आपणहून परत येणं हे सगळ्यांनी मिळून वाट पाहायचं चिन्ह ठरतं.

दातांच्या डॉक्टरांचा विचार तर कोणाच्या मनातही येत नाही. पण वारंवार उलट्या काढणाऱ्या रुग्णाच्या वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू ॲसिडने झिजते, आणि बुलिमियाचं गुपित घरच्यांच्या आधी दंतवैद्याला कळू शकतं. हे कळणं मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचलं पाहिजे, कारण नैराश्यावर आणि सिगारेट सोडवण्यासाठी दिलं जाणारं बुप्रोपियॉन हे औषध अशा रुग्णांत टाळतात, त्याने फिट येण्याचा धोका वाढतो. उलट फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्याच दुसऱ्या औषधाचा बुलिमियात उपयोग होतो. एका खुर्चीवर माहिती आहे, दुसऱ्या टेबलावर प्रिस्क्रिप्शन आहे, आणि मध्ये अडीच किलोमीटर अंतर आहे. ते अंतर कापण्याचं काम चार डॉक्टरांच्या व्यवस्थेत रुग्णावरच येतं. ज्या आजाराचा स्वभावच लपवण्याचा आहे, त्यात हे काम रुग्णावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

डाएटिशियनबद्दल जरा स्पष्ट बोलतो. आपल्याकडे बहुतेक आहारतज्ज्ञांकडे येणारी माणसं वजन उतरवायला, साखर आटोक्यात ठेवायला किंवा पीसीओडीसाठी येतात. त्यामुळे हात त्याच वळणाचा होतो: साखर बंद, रात्री भात नको, तूप मोजून. हाच चार्ट ॲनोरेक्सियाच्या मुलीच्या हातात पडला की आजाराला डॉक्टरी शिक्का मिळतो. "बघ, मॅडमनीच सांगितलंय भात नको म्हणून." या आजारांत मुरलेली आहारतज्ज्ञ उलटं चालते. तीन जेवणं आणि मधली दोन-तीन खाणी ठरलेल्या वेळेला, कुठलाच पदार्थ वर्ज्य नाही, आणि ज्या पदार्थाची भीती वाटते तो हळूहळू पानात परत.

पानाजवळ काय घडतं तेही पाहण्यासारखं आहे. अर्धी पोळी, वरण-भात, भाजी. पोळीचे नखाएवढे तुकडे होतात. भाताची मूद पसरवून पातळ केली जाते, म्हणजे कमी झाल्यासारखी दिसते. तूप घातलेली बाजू सोडून उरलेला भात उचलला जातो. एक एक शीत. पाऊण तास होतो, आजी म्हणते, "जाऊ दे गं, खाल्लंय तिने." आणि तिथेच खटका उडतो, कारण आईला समुपदेशकाने सांगितलेलं असतं की दबाव आणू नका, डाएटिशियनने सांगितलेलं असतं की पान संपलंच पाहिजे, आणि बाबांना फॅमिली डॉक्टर म्हणालेले असतात की वयात असं होतंच. तीन डॉक्टरांची तीन वाक्यं एकाच टेबलावर भांडतात. मुलगी उठून जाते.

टीमकडून उपचार घेणाऱ्या घरात वाक्य एकच असतं. किशोरवयीन मुलांसाठी सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली पद्धत म्हणजे कुटुंबाधारित उपचार. तिची मुळं लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात झालेल्या कामात आहेत. सुरुवातीला काय आणि किती खायचं हे आई-वडील ठरवतात, कोणीतरी शेजारी बसतं, जेवणानंतरही थोडा वेळ सोबत असते. मग जसजशी तब्येत सुधारते तसतसा हा ताबा मुलीकडे परत जातो. यात आई-वडिलांना दोषी धरत नाहीत, उपचारातलं माणूस म्हणून उभं करतात. आजीलाही बोलावतात. नाशकातल्या घरांत आजीला वगळून जेवणाचा कुठलाही बेत तडीला जात नाही, हे ज्याला कळलं तो थेरपिस्ट अर्धी लढाई जिंकला.

आणि उपवास. मंगळवार, गुरुवार, चतुर्थी, श्रावण, नवरात्र. वणीला पायी जायचं तर त्याआधीचे नेम. देवाच्या नावाने न खाणाऱ्या मुलीला घरात कोण अडवणार? आजार याच आदराच्या आड दडतो. एकेक वार वाढत जातो. चार ठिकाणच्या उपचारांत हा प्रश्न बहुधा निघतच नाही, कारण डॉक्टर विचारत नाहीत आणि घरचे त्याला लक्षण समजत नाहीत. टीम तो पहिल्याच आठवड्यात काढते आणि सगळ्यांच्या तोंडून एकच सांगते: बरं होईपर्यंत उपवास नाही. आजारी माणसाने उपास न करण्याची मुभा आपल्या परंपरेतच आहे, ती नव्याने मागावी लागत नाही.

आता शरीराकडे. "रिपोर्ट नॉर्मल आहेत" हे वाक्य या आजारात फसवं आहे. गंभीर अवस्थेतही रक्ताचे साधे रिपोर्ट नीट येऊ शकतात. म्हणून नाडी, झोपून आणि उभं राहून घेतलेलं ब्लड प्रेशर, ईसीजी, पोटॅशियम या गोष्टी मुद्दाम पाहाव्या लागतात. किशोरवयात जागेपणी नाडी ५० च्या खाली गेली तर भरती करण्याचा विचार करतात. नाशकात धावण्याची आणि सायकलिंगची मोठी हौस आहे, चांगलीच गोष्ट आहे ती. पण त्यामुळे मंद नाडी पाहून "ॲथलीटचं हार्ट आहे" असं कौतुक होण्याचा धोकाही आहे. उपाशी हृदयही मंद चालतं. मुलग्यांमध्ये तर आजार व्यायामाच्या आड आणखीच सहज लपतो, आणि वजन नॉर्मल दिसणारा रुग्णही तितकाच आजारी असू शकतो.

सगळ्यांत घातक फट मात्र मुलगी खायला लागते तेव्हा उघडते. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींमध्ये ओढलं जातं. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. हृदय, श्वास, मेंदू, सगळ्यांवर याचा घाव पडू शकतो. पहिला आठवडा-दहा दिवस जपायचे असतात: खाणं सुरू करण्याआधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व), आणि धोका जास्त असेल तर रोज रक्त तपासणी. चार डॉक्टरांच्या व्यवस्थेत चार्ट एकीने दिलेला असतो आणि फॉस्फेटची तपासणी कोणीच लिहिलेली नसते. घरचे तर आनंदात असतात, पोरगी जेवतेय म्हणून. टीममध्ये आहारतज्ज्ञ आणि फिजिशियन आधी बोलतात, मग पानात काय वाढायचं ते ठरतं.

काट्याचंही तसंच. डाएटिशियनकडे संध्याकाळी जीन्स घालून, फिजिशियनकडे सकाळी, जिममध्ये भलत्याच काट्यावर: तीन आकडे आले की प्रत्येक जण आपल्या आकड्यावर निर्णय घेतो. टीममध्ये वजन एकच माणूस घेतो, एकाच काट्यावर, साधारण एकाच वेळी, हलक्या कपड्यांत. तो आकडा मुलीला सांगायचा की नाही हेही आधी ठरलेलं असतं. इतकी साधी गोष्ट, पण मी कुठल्याही पालकांना आधी हेच विचारायला सांगेन: वजन कोण घेणार?

यावरून एक लक्षात येतं की एका छताखाली असणं म्हणजे टीम असणं नव्हे. मोठ्या हॉस्पिटलच्या बोर्डावर पंधरा नावं असतील आणि दुसऱ्या मजल्यावरच्याला तिसऱ्या मजल्यावरचं काही माहीत नसेल. उलट फिजिशियन इंदिरानगरला, आहारतज्ज्ञ कॉलेज रोडला आणि थेरपिस्ट ऑनलाइन पुण्याहून, पण तिघांचा दर आठवड्याला फोन होत असेल, एक जण सूत्रधार असेल आणि काय सांगायचं ते ठरलेलं असेल, तर ती टीम आहे. पहिल्या भेटीत बेधडक विचारा. अंतिम निर्णय कोणाचा? किती नाडीला, कुठल्या लक्षणाला भरती करायचं, आणि कुठे? तुम्ही एकमेकांशी शेवटचं कधी बोललात? मुलीची कोणती गोष्ट खासगी राहील आणि कोणती टीमला कळवली जाईल, हे तिला सांगितलंय का? या प्रश्नांवर चिडणारा डॉक्टर टीमला उपयोगाचा नाही.

नाशकात अशी टीम कशी बांधायची? सूत्रधार म्हणून मानसोपचारतज्ज्ञ किंवा जबाबदारी घ्यायला तयार असलेले फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ शोधा. थेरपीसाठी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट पाहा, आणि खाण्याच्या आजारांचे रुग्ण हाताळलेत का ते विचारा. आडगावला मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. अशा ठिकाणी मेडिसिन, बालरोग आणि मानसोपचार हे विभाग एकाच आवारात असतात, भरतीची वेळ आली तर ते सोयीचं पडतं. मुंबईच्या नामवंत तज्ज्ञांकडे महिन्यातून एकदा जाणारी कुटुंबंही असतात. जरूर जा, पण महिन्यातली ती एक भेट दर आठवड्याच्या नाडीची आणि वजनाची जागा घेत नाही. मुंबईचा सल्ला आणि नाशिकची नजर, हे जोडून घ्यावं लागतं. कुठून सुरुवात करावी तेच सुचत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. खर्चाचं म्हणाल तर मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. पॉलिसी त्या नजरेने पुन्हा वाचा.

शेवटचा फरक वजन भरल्यावर दिसतो. सुट्या उपचारांत त्या दिवशी सगळे एकदम निरोप घेतात, कारण प्रत्येकाच्या मते आपलं काम झालं. पण मनातली भीती वजनाच्या कितीतरी मागून ओसरते आणि आजार उलटण्याचा धोका पहिल्या वर्षात मोठा असतो. टीम पायरीपायरीने मागे सरते: आठवड्याची भेट पंधरवड्यावर, मग महिन्यावर, आणि कोणत्या खुणा दिसल्या तर पुन्हा आठवड्यावर यायचं हे कागदावर. बारावी होऊन मुलगी पुण्याच्या होस्टेलला निघाली, तर तिकडच्या डॉक्टरांच्या नावे पत्र, मेसमध्ये काय आणि कधी खायचं याची तिच्याशी बसून केलेली आखणी, आणि पहिल्या महिन्यात तिचं वजन तिकडे कोण घेणार त्याचं नाव, या तीन गोष्टी ॲडमिशनच्या फीबरोबरच उरकून घ्या.