बीटीआरएफएस-प्रोग्स

बीटीआरएफएस-प्रोग्स : लिनक्सवरील बीटीआरएफएस या कॉपी-ऑन-राइट फाइल सिस्टीमची उभारणी, देखभाल, तपासणी आणि डागडुजी करणाऱ्या कमांड-लाइन साधनांचा मुक्तस्रोत संच. तो मुख्यतः सी भाषेत लिहिलेला असून जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली वितरित होतो. फाइल सिस्टीमचा गाभा लिनक्स कर्नलमध्ये असतो. हा संच कर्नलबाहेर, वापरकर्त्याच्या बाजूला चालतो.

कॉपी-ऑन-राइट पद्धतीत बदललेला ब्लॉक जुन्या जागेवर लिहीत नाहीत. तो नव्या जागी लिहिला जातो, मग त्याचा पत्ता बाळगणारा वरचा ब्लॉक नव्या जागी लिहिला जातो, आणि असे मुळापर्यंत, म्हणजे या ब्लॉकांच्या ट्रीतील सर्वात वरच्या ब्लॉकपर्यंत, होते. शेवटी सुपरब्लॉक (मुळाचा पत्ता बाळगणारा, ठरावीक जागेवरचा ब्लॉक) नव्या मुळाकडे वळवला की बदल पक्का होतो. त्याआधी वीज गेली तर जुनी रचना जशीच्या तशी शाबूत असते. जुने मूळ टाकून न देता राखून ठेवले तर तोच स्नॅपशॉट. तो घेताना डेटाची नक्कल होत नाही, म्हणून तो क्षणात तयार होतो आणि सुरुवातीला जागाही जवळपास घेत नाही. बीटीआरएफएसमध्ये एखाद्या फाइलीच्या डेटापुरती ही पद्धत बंद करता येते. तसे केल्यास त्या डेटाचे चेकसमही (डेटा बिघडला का हे ओळखण्यासाठीचे पडताळणी-अंक) बंद होतात. मेटाडेटाला (फाइलींची नावे, जागा इत्यादींच्या नोंदींना) मात्र अशी सूट नाही.

उगमाचा प्रश्न : बदल नव्या जागी लिहिण्याची कल्पना बीटीआरएफएसहून बरीच जुनी आहे. डेटाबेसच्या क्षेत्रात रेमंड लोरी यांनी 1977 मध्ये मांडलेले शॅडो पेजिंग हे तिचे एक पूर्वरूप मानले जाते. फाइल सिस्टीममध्ये नेटॲप कंपनीच्या वाफल या रचनेचे वर्णन 1994 मध्ये प्रसिद्ध झाले. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बोनविक, मॅथ्यू ॲरेन्स आदींनी सुमारे 2001 पासून विकसित केलेली झेडएफएस 2005 मध्ये मुक्तस्रोत म्हणून खुली झाली. चेकसम, स्नॅपशॉट आणि अनेक डिस्कचे एकत्र व्यवस्थापन या तिन्ही बाबी तिने एका व्यवस्थेत आणल्या. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, जून 2007 मध्ये, ओरॅकलमधील क्रिस मेसन यांनी बीटीआरएफएस जाहीर केली. कालक्रम असा असल्याने बीटीआरएफएस ही झेडएफएसची लिनक्ससाठी केलेली आवृत्ती होय, असे मत रूढ झाले. दोघींची वैशिष्ट्ये शेजारी ठेवून पाहिली तर या मताला आधार दिसतोही.

दुसरे मत अंतर्गत रचनेकडे पाहते. सामान्य बी+ट्रीमध्ये (नोंदी क्रमाने ठेवणाऱ्या फांद्यांच्या रचनेत) शेजारची पाने, म्हणजे सर्वात खालचे ब्लॉक, एकमेकांना जोडलेली असतात. अशा ट्रीवर कॉपी-ऑन-राइट लागू केले तर एक पान हलताच शेजारच्या पानातील पत्ता बदलावा लागतो, त्यामुळे तेही पान हलते, आणि बदल ट्रीभर पसरतो. आयबीएममधील संशोधक ओहाद रोदे यांनी 2007 च्या सुमारास यावर तोड मांडली. पानांमधील जोडण्या काढून टाकायच्या, ट्री वरून खाली उतरत असतानाच दुभंग व जोड उरकायचे, आणि प्रत्येक ब्लॉक किती ठिकाणांहून वापरला जातो याची मोजणी शक्य तितकी पुढे ढकलायची, अशी ती रचना आहे. तिच्यामुळे एका ट्रीच्या अनेक लिहिता येण्याजोग्या प्रती स्वस्तात राखता येतात. पूर्वी सुसे या लिनक्स कंपनीत रिझरएफएस या फाइल सिस्टीमवर काम केलेल्या मेसन यांना सगळ्या वस्तू एकाच प्रकारच्या ट्रीत ठेवण्याची पद्धत परिचयाची होती. ती पद्धत आणि रोदे यांची ट्री यांच्या मेळातून बीटीआरएफएस आकाराला आली. रोदे, जोसेफ बासिक व मेसन यांच्या 2013 मधील संयुक्त लेखाचा रोखही असाच आहे. सनमध्ये झेडएफएसवर काम केलेल्या व्हॅलरी अरोरा यांनी 2009 मध्येच दोन्ही फाइल सिस्टीमच्या गाभ्यांतील फरक दाखवून ‘लिनक्सची झेडएफएस’ हे वर्णन चुकीचे ठरवले होते. उपलब्ध पुराव्यात हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. झेडएफएसने काय साधता येते हे दाखवून दिले. कसे साधायचे ते बीटीआरएफएसने दुसरीकडून घेतले.

रोदे यांची रचना बीटीआरएफएसने जशीच्या तशी उचलली असेही नाही. त्यांच्या ट्रीतील नोंदी समान लांबीच्या होत्या, बीटीआरएफएसच्या पानांतील नोंदी कमीजास्त लांबीच्या असतात. या बदलामुळे मूळ सिद्धान्तातील हमी उरत नाही आणि पाने जवळपास रिकामी राहू शकतात, असा आक्षेप फाइल सिस्टीम विकासक एडवर्ड शिश्किन यांनी 2010 मध्ये घेतला. हा आराखड्याचा दोष नसून पान दुभंगण्याच्या कोडमधील चूक आहे, असे मेसन यांचे उत्तर होते. पुढे फाइल सिस्टीमचा वापर वाढत गेला, त्यावरून मेसन यांचे म्हणणे व्यवहारात टिकले असे म्हणता येईल; शिश्किन यांचा सैद्धान्तिक मुद्दा मात्र त्यामुळे निकालात निघत नाही.

साधनांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा बदल मोजणीचा आहे. बीटीआरएफएस ब्लॉक किती ठिकाणांहून वापरला जातो एवढेच नोंदवत नाही, तर कोणाकडून वापरला जातो हेही एक्स्टेंट ट्री या जागावाटपाच्या ट्रीमध्ये लिहून ठेवते. या उलट्या नोंदींमुळे डिस्कवरील कोणत्याही जागेवरून तिच्या मालकापर्यंत पोहोचता येते, म्हणून भरलेला भाग दुसरीकडे हलवता येतो. फाइल सिस्टीम चालू असताना तिचा आकार कमी करणे, डिस्क काढून घेणे, रेड-प्रकार (डेटा अनेक डिस्कवर वाटण्याची पद्धत) बदलणे ही कामे याच पायावर उभी आहेत. त्याची किंमतही आहे. स्नॅपशॉटची संख्या फार वाढली की उलट्या नोंदी शोधण्याचे काम वाढते, आणि क्यूग्रुप पद्धतीचे कोटे (वापरायच्या जागेच्या मर्यादा) चालू असतील तर हा भार विशेष जाणवतो. कर्नल 6.7 मध्ये आलेले साधे कोटे जागा मूळ निर्मात्या सबव्हॉल्यूमच्याच (फाइल सिस्टीममधील स्वतंत्र ट्री असलेल्या भागाच्याच) खात्यावर धरतात आणि ही शोधाशोध टाळतात.

संचाची वाढ : बीटीआरएफएस लिनक्सच्या 2.6.29 या आवृत्तीत, म्हणजे 2009 च्या आरंभी, मुख्य कर्नलमध्ये दाखल झाली. त्या काळी साधने विखुरलेली होती. स्नॅपशॉटसाठी बीटीआरएफएससीटीएल, डिस्कच्या व्यवस्थेसाठी बीटीआरएफएस-व्हॉल, माहितीसाठी बीटीआरएफएस-शो, अशी प्रत्येक कामाला वेगळी आज्ञा होती. साधारण 2010 पासून ही कामे ‘बीटीआरएफएस’ या एकाच आज्ञेखाली उपआज्ञांच्या रूपात गोळा होऊ लागली. गोफ्रेदो बारोन्चेल्ली यांचा त्यात पुढाकार होता. झेडएफएसने कारभार ‘झेडपूल’ आणि ‘झेडएफएस’ अशा दोन आज्ञांत वाटला आहे, कारण तिथे डिस्कचा साठा आणि त्यावरील फाइल सिस्टीम हे दोन वेगळे स्तर आहेत. बीटीआरएफएसमध्ये तसे दोन स्तर वापरकर्त्याला दिसत नाहीत, म्हणून एकच आज्ञा पुरते.

आवृत्ती 0.19 (2009) नंतर संचाचे क्रमांकन दीर्घकाळ थबकले होते. 2013 च्या अखेरीस 3.12 ही आवृत्ती निघाली, आणि तेव्हापासून क्रमांक कर्नलच्या क्रमांकाशी जुळवून दिले जातात. डिस्कवरील मांडणी स्थिर झाल्याचे त्याच सुमारास जाहीर झाले. पुढील वर्षांत सुसेमधील डेव्हिड स्टेर्बा यांनी संचाची देखभाल सांभाळली. क्रमांक जुळत असले तरी संच आणि कर्नल एकाच आवृत्तीचे असण्याची सक्ती नाही. केवळ दुरुस्तीच्या वेळी शक्य तितका नवा संच वापरावा, कारण तपासणीचा कोड सतत सुधारत असतो.

दोन प्रकारची साधने : संचातील साधनांमध्ये एक मूलभूत भेद आहे, आणि तो आज्ञांच्या नावांवरून दिसत नाही. काही आज्ञा माउंट केलेल्या (वापरासाठी जोडलेल्या) फाइल सिस्टीमवर चालतात. त्या स्वतः डिस्कला हात लावत नाहीत, तर आयओसीटीएल या कर्नलला विनंती करण्याच्या मार्गाने त्याला काम सांगतात. सबव्हॉल्यूम, स्नॅपशॉट, बॅलन्स (राखलेल्या जागेची फेरमांडणी), स्क्रब, डिस्क जोडणे-काढणे ही कामे या प्रकारची. दुसऱ्या आज्ञांकडे डिस्कवरील मांडणी वाचण्या-लिहिण्याचा स्वतःचा कोड असतो. एमकेएफएस, चेक, कन्व्हर्ट, ट्यून, रिस्टोर व रेस्क्यू या त्यांपैकी होत. पहिल्या प्रकारात चूक झाली तर कर्नलच्या तपासण्या आड येतात. दुसऱ्या प्रकारात लिहिणाऱ्या आज्ञेच्या मागे असा पहारेकरी नसतो, म्हणून फाइल सिस्टीम अनमाउंट असणे ही तिथे पहिली अट आहे.

सेंड व रिसीव्ह या जोडीत काम कर्नल आणि संच यांच्यात वाटलेले आहे. कर्नल 3.6 (2012) पासून उपलब्ध असलेल्या या सोयीने एक वाचनीय-मात्र (फक्त वाचता येणारा) स्नॅपशॉट, किंवा दोन स्नॅपशॉटमधील फरक, प्रवाहाच्या रूपात बाहेर काढता येतो. दोन्ही ट्रींची तुलना करून प्रवाह तयार करण्याचे काम कर्नल करते. प्रवाह स्वीकारणारी बाजू बहुतांशी संचातच आहे: ती प्रवाहातील सूचना वाचून फाइल तयार करणे, नाव बदलणे, मजकूर लिहिणे अशी साधी कामे क्रमाने करते. कर्नल 6.0 मध्ये आलेल्या प्रवाहाच्या दुसऱ्या आवृत्तीत दाबलेला डेटा न उलगडता पाठवता येतो.

निर्मितीचे साधन एमकेएफएस होय. मेटाडेटाच्या ब्लॉकचा आकार 3.12 पासून वेगळे न सांगितल्यास 16 किबीबाइट असतो. एकाच डिस्कवरही मेटाडेटाच्या दोन प्रती ठेवण्याचा नियम 5.15 पासून सरसकट लागू झाला. त्याआधी एसएसडीवर एकच प्रत ठेवली जात असे. चेकसमसाठी सीआरसी32सी हा मूळ पर्याय असून 5.5 पासून एक्सएक्सहॅश, एसएचए256 व ब्लेक2 हेही निवडता येतात. रेड 5 व रेड 6 हे प्रकार कर्नल 3.9 पासून आहेत, पण लेखन अर्धवट राहून वीज गेल्यास पॅरिटी (हरवलेला डेटा परत काढण्यासाठीची जादा माहिती) विसंगत राहण्याचा धोका पूर्णपणे निवारलेला नाही. ते निवडल्यास एमकेएफएस इशारा देते आणि तो गांभीर्याने घ्यावा.

कन्व्हर्ट हे साधन एक्सटी4 सारखी फाइल सिस्टीम जागच्या जागी बीटीआरएफएसमध्ये बदलते. जुना डेटा हलवला जात नाही. त्याकडे निर्देश करणारी नवी मेटाडेटा मोकळ्या जागेत लिहिली जाते आणि जुन्या फाइल सिस्टीमची प्रतिमा एका सबव्हॉल्यूममध्ये राखली जाते. ते सबव्हॉल्यूम अबाधित आहे आणि बॅलन्स चालवलेले नाही, तोवर माघारी फिरता येते.

जागेचा हिशोब : बीटीआरएफएस जागा दोन टप्प्यांत वाटते. आधी डेटा किंवा मेटाडेटासाठी मोठे चंक राखले जातात (डेटासाठी सर्वसाधारणपणे 1 गिबीबाइटचे), आणि मग त्यांच्यातून लहान तुकडे दिले जातात. त्यामुळे ‘डीएफ’ ही नेहमीची आज्ञा मोकळी जागा दाखवत असतानाही डिस्क भरल्याची त्रुटी येऊ शकते: डेटाच्या चंकमध्ये जागा असते, पण मेटाडेटासाठी नवा चंक राखायला जागा उरलेली नसते. खरी स्थिती ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टीम यूसेज’ ही आज्ञा सांगते. उपाय बॅलन्सचा. तोही सरसकट नव्हे, तर वापराच्या टक्केवारीचा गाळक लावून, म्हणजे कमी भरलेलेच चंक एकत्र होतात. पूर्ण रिकामे चंक कर्नल 3.18 पासून आपोआप परत घेतले जातात. डीफ्रॅग या आज्ञेबाबत वेगळी सावधगिरी हवी. ती स्नॅपशॉटशी असलेली डेटाची भागीदारी तोडते, म्हणून फाइली सलग होतात खऱ्या, पण व्यापलेली जागा वाढते.

तपासणी आणि डागडुजी : स्क्रब चालू फाइल सिस्टीमवरील सर्व डेटा वाचून चेकसम पडताळते आणि दुसरी चांगली प्रत असल्यास बिघडलेली दुरुस्त करते. चेक ही आज्ञा अनमाउंट अवस्थेत ट्रींची परस्परसंगती तपासते. पर्याय न देता चालवली तर ती फक्त वाचते. दुरुस्तीचा पर्याय दिल्यास इशारा दाखवून 10 सेकंद थांबते. इतर फाइल सिस्टीमच्या सवयीने हा पर्याय सर्वात आधी वापरला जातो, आणि वाचवता आला असता असा डेटा त्यात गमावला जाऊ शकतो. योग्य क्रम उलटा आहे. आधी वाचनीय-मात्र माउंट करून पाहावे. ते न जमल्यास रिस्टोरने माउंट न करता फाइली दुसऱ्या डिस्कवर काढाव्यात, मग रेस्क्यूमधील नेमकी उपआज्ञा, आणि सर्वात शेवटी चेकची दुरुस्ती. ‘एफएससीके.बीटीआरएफएस’ नावाची आज्ञाही संचात आहे, पण ती मुद्दाम काहीच करत नाही. सुरू होताना व्यवस्था अशा नावाची आज्ञा शोधते, तेवढ्यापुरती ती ठेवली आहे. बिघाड विकासकांना दाखवायचा असेल तर बीटीआरएफएस-इमेज फाइलींचा मजकूर वगळून केवळ मेटाडेटाची प्रत काढते आणि हवे असल्यास फाइलींची नावेही झाकते.

प्रसार व संबंधित साधने : ओपनसुसेने 13.2 पासून (2014) आणि फेडोरा वर्कस्टेशनने 33 पासून (2020) बीटीआरएफएस मूळ निवड म्हणून स्वीकारली. रेड हॅटने मात्र 2017 मध्ये तिचा पाठिंबा थांबवण्याचे जाहीर केले आणि एंटरप्राइज लिनक्स 8 मधून ती वगळली. स्नॅपशॉटचे वेळापत्रक सांभाळणारे स्नॅपर, बॅकअपसाठी बीटीआरबीके, समान डेटा एकत्र करणारे ड्यूपरिमूव्ह ही साधने संचाबाहेर, स्वतंत्रपणे विकसित होतात. अशा कार्यक्रमांना आज्ञांचे छापील उत्तर वाचत बसावे लागू नये म्हणून 2018 मध्ये 4.16 या आवृत्तीत लिबबीटीआरएफएसयूटिल हे ग्रंथालय (इतर कार्यक्रमांनी वापरायच्या तयार कोडचा संग्रह) आले. पायथॉनमधूनही ते वापरता येते, आणि इतर परवान्यांच्या कार्यक्रमांना जोडता यावे यासाठी ते एलजीपीएल या जीपीएलहून सैल परवान्याखाली ठेवले आहे.