भुकटीतून भरीव निकेल ॲल्युमिनाइड

निकेल आणि ॲल्युमिनियमचे अणू एकास एक जुळले की निकेल ॲल्युमिनाइड हे आंतरधातू संयुग बनते. ते वितळते १६३८ अंश सेल्सिअसला, म्हणजे दोन्ही मूळ धातूंच्या बरेच वर. घनता दर घन सेंटिमीटरला ५.८६ ग्रॅम, निकेलच्या साधारण दोन-तृतीयांश. ओतकाम केले तर दाणे जाडे होतात आणि थंड होताना तडे जातात, म्हणून भुकटीची वाट धरायची.

४० मिलिमीटर व्यासाच्या, १० मिलिमीटर जाडीच्या चकतीला ५०.४ ग्रॅम निकेल आणि २३.२ ग्रॅम ॲल्युमिनियम लागते. निकेलचे कण ५ मायक्रॉनच्या आसपास, ॲल्युमिनियमचे १० ते २०. ॲल्युमिनियमचा कण वितळून निकेलमध्ये शोषला जातो आणि त्याच्या जागी भोक उरते. कण जाडा तर भोकही मोठे. पण अतिबारीक भुकटीवर ऑक्साइड जास्त असतो, शिवाय ती हवेत उडाली तर एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

मिश्रण ग्रॅफाइटच्या साच्यात भरून निर्वातात ३५० अंशांवर तासभर ठेवावे. कणांवरचा ओलावा तेव्हाच गेला नाही, तर पुढे त्याचा हायड्रोजन होऊन चकतीत फुगे धरतात.

त्यानंतर झपाट्याने तापवावे. रेंगाळलात तर कणांच्या सीमेवर आधीच मधल्या संयुगांचे थर चढतात आणि अभिक्रियेचा जोर ओसरतो. ६४० अंशांजवळ पहिला द्रव सुटतो आणि मिश्रण स्वतःच पेटते. मोलमागे सुमारे ११८ किलोजूल उष्णता निघते. ती साच्यात झिरपली नाही, तर संयुग स्वतःच्या द्रवणांकाला पोचते. फारच भडका उडत असेल तर तयार निकेल ॲल्युमिनाइडची थोडी भुकटी मिसळावी.

एवढी आयती उष्णता असूनही चकती आपोआप भरीव होत नाही. सुट्या धातूंचे आकारमान १४.२५ घन सेंटिमीटर, संयुगाचे १२.५७. म्हणजे सुरुवातीला एकही पोकळी नसती, तरी जवळजवळ १२ टक्के जागा रिकामी होतेच. ती मिटवायला दाब हवा, आणि सगळे कसब तो केव्हा द्यायचा यात आहे. सुरुवातीपासून जोर लावला तर पातळ ॲल्युमिनियम पंचाच्या, म्हणजे साच्यात दाब देणाऱ्या दट्ट्याच्या, फटीतून बाहेर येते, प्रमाण बिघडते. उशीर झाला तर संयुगाचा सांगाडा ताठ होतो. म्हणून आधी ५ मेगापास्कल, फक्त पंच टेकलेला राहील इतका. पंच एकदम खाली सरकला की ३० मेगापास्कल. या व्यासाला तो जवळपास चार टनांचा भार होतो. मग १२०० अंशांवर तासभर धरून ठेवावे, उरलेली छिद्रे त्या काळात मिटतात.

थंड करताना घाई नको, कारण साधारण ५०० अंशांखाली हा पदार्थ ठिसूळ होतो. चकती पाण्यात तोलून घनता काढावी. आकडा ५.८६ पेक्षा जास्त आला तर खूश होऊ नये, बहुधा ॲल्युमिनियम निसटून गेलेले असते. कापायला वायरकट, म्हणजे तारेवरच्या विजेच्या ठिणग्यांनी कापणारे यंत्र, उत्तम: संयुग वीजवाहक आहे, आणि करवतीने कडा उडतात.