अक्षर मोठं केलं की पान का मोडतं?

बहुतेक ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षराचा आकार बदलायची सोय असते. सहसा तो १६ पिक्सेल असतो. नजर अधू झालेले किंवा स्क्रीन जरा लांब ठेवून वाचणारे लोक तो २० किंवा २४ करून ठेवतात. मग काही संकेतस्थळांवर अक्षर हलतच नाही. काहींवर ते मोठं होतं, पण मेन्यू एकमेकांवर चढतात आणि बटणावरचा मजकूर अर्धा कापला जातो. दोन्हींचं कारण एकच आहे: पानाची मापं डिझायनरच्या स्क्रीनवरून घेतलेली असतात, वाचणाऱ्याच्या अक्षरावरून नाही.

मजकुराचा आकार पिक्सेलमध्ये लिहिला की वाचकाची निवड तिथेच संपते. त्याऐवजी ‘रेम’ हे एकक वापरावं. १ रेम म्हणजे पानाच्या मूळ घटकाचा, म्हणजे सगळं पान ज्यात सामावतं त्या सर्वांत बाहेरच्या घटकाचा, अक्षर-आकार. त्या घटकाला हात लावला नाही, तर तो वाचकाने निवडलेलाच असतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून काही जण मूळ घटकालाच १० पिक्सेल देतात. मग रेम वापरूनही उपयोग नाही. सोपा हिशेब हवाच असेल तर ६२.५ टक्के लिहावं. १६चे १० होतात, २४चे १५, आणि प्रमाण टिकतं.

यापेक्षा फसवी जागा म्हणजे मीडिया क्वेरी, म्हणजे स्क्रीनची रुंदी किंवा वाचकाची आवड विचारून मांडणी बदलणारा नियम. ‘रुंदी ७६८ पिक्सेल झाली की तीन रकाने’ असा नियम असेल, तर अक्षर दीडपट झालं तरी रकाने तीनच राहतात आणि एका ओळीत जेमतेम दोन शब्द मावतात. तोच नियम ४८ एम (मीडिया क्वेरीत १ एम म्हणजे वाचकाने निवडलेला अक्षर-आकार) असा लिहिला, तर १६च्या अक्षराला सीमा ७६८ पिक्सेलवर येते आणि २४च्या अक्षराला ११५२वर. मोठं अक्षर निवडणाऱ्याला कमी रकाने आपोआप मिळतात. रकाने आखणाऱ्या ‘ग्रिड’ मांडणीत तर मीडिया क्वेरीही लागत नाही: ‘ऑटो-फिट’ (मावतील तितके रकाने) आणि ‘मिनमॅक्स’ (किमान आणि कमाल रुंदी) वापरून रकान्याची किमान रुंदी १८ रेम ठेवावी. मात्र ती किमान रुंदी ‘१०० टक्के आणि १८ रेम यांतलं जे लहान ते’ अशी लिहावी, नाहीतर अरुंद फोनवर रकाना पानाबाहेर जातो.

शीर्षकाचा आकार फक्त स्क्रीनच्या रुंदीच्या टक्क्यांत देऊ नये. झूम वाढवला की पानाच्या लेखी स्क्रीन तितकीच अरुंद होते, त्यामुळे शीर्षक होतं तेवढंच राहतं. आकार किमान आणि कमाल मर्यादेत ठेवणाऱ्या ‘क्लॅम्प’मध्ये रुंदीच्या मापाला रेमची जोड द्यावी. फोनवर चिमटीने झूम करणं बंद करणारी ओळ तर कुठल्याही पानात असू नये.

देवनागरीत आणखी काळजी लागते, कारण बहुतेक तयार साचे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनलेले असतात. ओळींची उंची १.२ ठेवली की वरच्या ओळीतल्या ‘मूळ’चा ऊकार खालच्या ओळीतल्या ‘कीर्ती’च्या रफाराला भिडतो. १.६ ते १.८ ठेवावी आणि आकडा एककाशिवाय लिहावा. एकक दिलं तर मोजून आलेली उंचीच आतल्या घटकांकडे वारशाने जाते आणि मोठ्या अक्षरांच्या ओळी एकमेकींवर येतात. बटणाला पक्की उंची न देता किमान उंची आणि पॅडिंग (मजकुराभोवतीची आतली मोकळी जागा) द्यावं. शीर्षकाच्या अक्षरांत अंतर टाकणारा नियम काढूनच टाकावा. त्याने शिरोरेषा तुटते. पानाची भाषा ‘एमआर’ (मराठीचा संकेत) अशी नोंदवली, तर काही फॉन्ट ल आणि श यांची मराठी वळणं दाखवतात. एवढ्या छोट्या नोंदीसाठी आळस करू नये.

‘आंतरराष्ट्रीयीकरणासाठी’ असा लांब शब्द ‘फ्लेक्स’ मांडणीतल्या, म्हणजे जागेप्रमाणे फुगणाऱ्या-आकसणाऱ्या, रकान्यात आला की रकाना आकसायला तयार होत नाही. रकान्याची किमान रुंदी शून्य करावी आणि गरज पडल्यास शब्द तोडायची परवानगी द्यावी.

गडद रंगसंगती, कमी हालचाल, जास्त कॉन्ट्रास्ट या आवडी वाचकाने आधीच यंत्राला सांगितलेल्या असतात. त्या विचारणाऱ्या मीडिया क्वेरी आहेत. यांतली हालचालीची आधी पाळावी, कारण सरकत्या चित्रांनी काहींना खरोखर गरगरतं.

तपासणी अशी करावी: खिडकी १२८० पिक्सेल रुंद ठेवून झूम ४०० टक्के करावा. पानाला आता ३२० पिक्सेलच मिळतात, आणि २०१८च्या डब्ल्यूसीएजी २.१ या वेब-सुलभतेच्या निकषांनुसार एवढ्या जागेत साधा मजकूर आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे. नकाशे आणि मोठी कोष्टकं यांना सूट आहे. मग झूम पूर्ववत करून ब्राउझरचा अक्षर-आकार ३२ करावा आणि तेच पान पुन्हा पाहावं. पहिल्या चाचणीत टिकलेली बरीच पानं दुसरीत मोडतात, कारण झूमने पिक्सेलही वाढतात, सेटिंगने फक्त रेम आणि एम.