खाण्यावरचा निर्बंध आणि मनावरचा ताबा

वजन उतरवणाऱ्या माणसाविषयी आपण सहज म्हणून जातो, की त्याचा जिभेवर ताबा आहे. या एका वाक्यात दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्यांतली एक आहारसंयम, म्हणजे वजनासाठी कमी खायचे ठरवणे, नियम घालून घेणे आणि दिवसभर त्यांचा हिशेब मनात वागवणे. दुसरी बोधात्मक नियंत्रण, म्हणजे समोरच्या मोहापुढे क्षणभर थांबण्याची, लांबचे उद्दिष्ट ध्यानात ठेवण्याची आणि बेत बिघडला तरी सावरून घेण्याची क्षमता, जिच्यात मेंदूच्या कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्स या भागाचा मोठा वाटा असतो. पहिला निश्चय आहे आणि दुसरी कुवत. निश्चय कडक असला म्हणजे कुवतही तेवढीच असते, असे मुळीच नाही.

पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांचा 1975 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग हा फरक फार स्पष्ट दाखवतो. त्यांनी काही तरुणींना आधी मिल्कशेक दिला आणि नंतर चव पारखण्याच्या निमित्ताने हवे तेवढे आइस्क्रीम खाऊ दिले. खाण्यावर निर्बंध न घालणाऱ्या तरुणींनी मिल्कशेकनंतर साहजिकच आइस्क्रीम कमी खाल्ले. मात्र एरवी मोजूनमापून खाणाऱ्यांनी मिल्कशेक पोटात गेल्यावर उलट जास्त खाल्ले. नियम मोडला तसा तो पाळण्याचा हेतूही त्यांच्यापुरता संपला होता.

दिवाळीत हे घरोघरी दिसते. आठ दिवस गोडाला न शिवलेला माणूस दुपारी फराळाच्या डब्यातून एक करंजी उचलतो, बोटांवरचे सारण झटकतो, 'आजचा दिवस तर गेलाच' असे स्वतःला सांगतो आणि डबा पुढ्यात ओढतो. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही आपली म्हण या माणसाला लोभी ठरवते, आणि ते मला अन्यायाचे वाटते, कारण त्याचा निश्चय खराच होता. फक्त चुकल्यानंतर काय करायचे, याला त्या निश्चयात जागा नव्हती.

म्हणूनच स्टंकार्ड आणि मेसिक यांनी 1985 मध्ये तयार केलेल्या 51 प्रश्नांच्या प्रश्नावलीत संयम, ताबा सुटणे आणि भूक या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या आहेत. पुढे 1991 मध्ये योआखिम वेस्टनहोफर यांनी संयमाचेही कडक आणि लवचिक असे दोन प्रकार दाखवले, आणि ताबा सुटण्याचे प्रमाण कडक संयमात जास्त, तर लवचिक संयमात कमी आढळले. करंजी खाल्ली म्हणून रात्रीचा भात थोडा कमी घेणे हा लवचिक संयम होय, आणि माझ्या मते निश्चय व कुवत यांची खरी गाठ इथेच पडते.

ही कुवत सदैव सारखी नसते; अपुरी झोप आणि ताण यांनी ती मंदावते. शिवाय ज्यांचे आत्मनियंत्रण चांगले असते, ती माणसे दिवसभर मोहाशी झुंजत बसलेली असतात असेही नाही. विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये रोजच्या जगण्यातल्या इच्छांचा अभ्यास केला, तेव्हा अशा लोकांनी मोहाशी होणारे झगडे कमीच नोंदवले. डबा ओट्यावर न ठेवता वरच्या फळीवर ठेवणे आणि जेवणाची वेळ न चुकवणे अशा सवयींनी झगड्याचा प्रसंगच कमी येतो.

त्यामुळे आहाराविषयी सल्ला देताना 'नियम किती दिवस पाळला?' एवढेच विचारणे अपुरे पडते. नियम मोडल्यावर पुढच्या तासाभरात काय खाल्ले, हेही विचारले, तर उणीव निश्चयाची आहे की सावरण्याची, ते कळू लागते.